हार्बिस्टरांची मोजदाद

१

शाळेच्या ऑफिसातून मी साडेतीनला सुटते. घरी पोचायला सायकलने वीस मिनिटं, वारा समोरून असला तर पस्तीस. आल्यावर किटली ठेवायची, दारात पडलेली टपालाची पाकिटं उचलायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं. पाच वाजता बाबा गुरांकडून परततात. तोवरचा वेळ माझा.

त्या मे महिन्यात सगळी पाकिटं हार्बिस्टरांची होती. बेटाच्या इतिहास मंडळाला एक पुस्तिका काढायची होती: इथली आडनावं आली कुठून, गेली कुठे, आज कुठे किती उरली आहेत. मी ॲबर्डीनला इतिहास शिकून आलेली, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. इतरांची नावं आधी लिहून झाली. आमचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

ऑर्कनीत, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या आमच्या बेटांवर, आडनाव रक्ताचं नसतं, जमिनीचं असतं. हार्बिस्टर हे आधी शेत आणि मग माणूस. जुन्या काळी त्या घरात जो राहील तो हार्बिस्टर. शेजारच्या बेटावरून नांगराला आलेला गडीसुद्धा वर्षभर राहिला की हार्बिस्टर व्हायचा आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शेतावर गेला की त्या शेताचा. मग सरकारी कागद आले. त्या दिवशी ज्याच्या अंगावर जे नाव होतं ते त्याला कायमचं चिकटलं, आणि ते घेऊन माणसं जहाजात बसली.

मला बावीस पत्ते मिळाले. न्यूझीलंडमध्ये सात, कॅनडात पाच, टास्मानियात तीन आणि लीथ-ग्लासगोकडे सात. बेटावर एकच घर उरलंय, आमचं. सगळ्यांना मी एक छापील फॉर्म पाठवला. पूर्वज कधी निघाले, कुठे उतरले, आणि शेवटी, तुम्ही धरून घरात किती माणसं, त्यांची नावं.

पहिलं उत्तर न्यूझीलंडच्या ओटागोहून आलं, विनिफ्रेड हार्बिस्टर या एक्याऐंशी वर्षांच्या बाईंचं. अक्षर मोत्यासारखं. घरातली माणसं : दोन. नावं : विनिफ्रेड.

खाली काही नाही.

म्हाताऱ्या बाई आहेत, मी म्हटलं, आणि कागद फाइलला लावला.

२

तीन आठवड्यांत एकोणीस फॉर्म परत आले. कॅनडात मॅनिटोबाच्या घरात माणसं पाच, नावं चार. टास्मानियात होबार्टच्या शाळामास्तरांकडे माणसं चार, नावं तीन. लीथमध्ये एक जोडपं, दोघांच्याही सह्या, आणि माणसं तीन. एकोणिसांपैकी चौदा फॉर्ममध्ये आकडा नावांपेक्षा एकाने जास्त. कमी एकदाही नाही. दोनाने जास्तही नाही.

मी लगेच घाबरते, हे मला ठाऊक आहे. दार आपटलं तरी माझ्या हातातला कप सांडतो. म्हणून आधी मी माझीच चूक शोधली. 'तुम्ही धरून' असं लिहिल्यामुळे लोकांनी स्वतःला दोनदा मोजलं असेल. हे पटलं, बरंही वाटलं. मग आठवलं की हाच फॉर्म मी बेटावरच्या फ्लेट आडनावाच्या लोकांना पाठवला होता, लिंकलेटरांनाही पाठवला होता. त्यांच्या साठ-सत्तर कागदांत अशी चूक एकाही ठिकाणी नव्हती.

मग मी जुन्या शिरगणतीच्या प्रती बाहेर काढल्या. आमचंच घर, १८५१. सहा नावं. खाली कारकुनाने 'एकूण ७' लिहून ते खोडलं होतं आणि शेजारी ६ केलं होतं. १८७१ : एकूण ९, खोडून ८. १९०१ : एकूण ५, खोडून ४. तिन्ही वेळा कारकून वेगळा, अक्षर वेगळं. पण कारकून घरोघर फिरून आकडा लिहायचा तो घरच्या माणसाने सांगितलेला. बेरीज त्याने नंतर, आपल्या टेबलाशी बसून तपासली असणार.

बाहेर लख्ख ऊन होतं. जूनमध्ये इथे अंधार असा पडतच नाही. मी उठून मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. का लावलं ते मला सांगता येणार नाही.

३

माझा भाऊ एरलंड गेल्या जुलैत खेकड्यांचे पिंजरे उचलायला गेला तो आला नाही. होडी दुपारी सापडली, इंजिन चालू, खडकाभोवती गोल गोल फिरत होती. थर्मासमधला चहा अजून कोमट होता, असं आणणाऱ्यांनी सांगितलं. ते त्यांनी सांगायला नको होतं. बाबा अजून त्या चहाबद्दल बोलतात.

मृत समजावं असा कोर्टाचा कागद मार्चमध्ये आला. बाबांनी तो घडी न उलगडता टेबलाच्या खणात ठेवला. चर्चमागच्या दफनभूमीत आईचा दगड आहे : 'मार्गारेट लिंकलेटर, डेव्हिड हार्बिस्टर यांची पत्नी'. आमच्याकडे बाई लग्नानंतर कितीही वर्षं नवऱ्याचं नाव लावो, दगडावर माहेरचंच नाव येतं. त्याखाली जागा मोकळी आहे. तिथे एरलंडचं नाव कोरायचं, म्हणजे निदान कुठेतरी तो आहे असं होईल, असं मला वाटत होतं. मोठ्या बेटावरच्या कर्कवॉलहून थडग्यांवर नावं कोरणारा दगडवाला गुरुवारच्या बोटीने येणार होता. पण घरातल्या मोठ्या माणसाने तोंडाने 'हो' म्हटल्याशिवाय तो छिन्नी लावत नाही. ही त्याची रीत, त्याच्या बापाचीही होती.

"बाबा, गुरुवारी दगडवाला येतोय."

"येऊ दे."

"तुम्ही हो म्हणणार ना?"

बाबांनी जवाची भाकरी सूपमध्ये बुडवली. "घाई कसली आहे त्याला? त्याला दगड पुष्कळ आहेत. मला मुलगा एकच आहे."

"बाबा, अकरा महिने झाले."

"मला मोजता येतं, थोरा."

ऑगस्टपासून मला ॲबर्डीनच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली होती. तिथे कॅलम होता, आणि शरद ऋतूत लग्न करायचं आमचं ठरलं होतं. बाबांना या अवस्थेत एकटं सोडून जाववणार नव्हतं. एकदा ते हो म्हणाले की मी सुटणार होते, आणि तेही. मला एवढंच हवं होतं.

४

बुधवारी सकाळी मी ओटागोला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती.

"मिसेस हार्बिस्टर?"

"मिसेस कुठली! मला विचारायला कुणी आलंच नाही. आले ते दोघे माझ्या बहिणीला घेऊन गेले. बोल बाळ, कोण तू?"

"दोघे एकाच बहिणीला?"

"एकामागून एक गं. पहिला घोड्यावरून पडला." ती खळखळून हसली. मला ती फार आवडली. मी कोण ते सांगितलं, मग फॉर्मचं विचारलं.

"दोन? मी दोन लिहिलं? वेड लागलं की काय मला. मी तर एकटी राहते. थांब हं, मोजते."

मला वाटलं ती थट्टा करतेय. पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. चपला घासत ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली आणि परत आली.

"दोन," ती म्हणाली.

"दुसरं कोण आहे, मिस हार्बिस्टर?"

तिच्या चपला पुन्हा खोल्यांतून घासत गेल्या.

"तेच बघतेय," ती म्हणाली. आवाजातलं हसू गेलं होतं. "गंमत आहे नाही? मोजायला घेतलं की दोन. बघायला गेलं की मी." आणि थोड्या वेळाने, "तू त्या मूळ घरातून बोलतेयस ना? तिथे तुम्ही किती?"

"दोघं. बाबा आणि मी."

"मोजलंस का नीट?"

मी फोन ठेवला. हात पुसायला टॉवेल शोधला, तो खांद्यावरच होता.

५

जेसीआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. खाडीपलीकडे फ्लेटांकडे दिलेली. ऑफिस सुटल्यावर मी तशीच गेले तेव्हा ती तव्यावर भाकऱ्या उलटत होती.

"ये. चेहरा का असा? कॅलमने मोडलं की काय?"

"नाही आत्या."

"मग मोडेल. असली रड्या तोंडाची बायको कोण करणार? बस. खा."

मी तिला फॉर्म दाखवले. ती हसायला लागली. "कॉलेजात एवढे पैसे घालवले डेव्हीने, आणि पोरीला बेरीज येत नाही!" मग कागद चाळता चाळता तिचं हसू कमी कमी होत गेलं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने काढली नाही.

"यातल्या काहींनी रक्ताची तपासणी करून घेतलीय," मी म्हटलं. "कुणाचंच कुणाशी जुळत नाही. आमच्याशीही नाही. रक्त वेगळं, देश वेगळे. मग हे बरोबर काय जातं?"

"नाव जातं," आत्या म्हणाली. "दुसरं काय आहे सगळ्यांत सारखं?"

तिने तवा बाजूला केला. "मी एकवीस वर्षांची होते. लग्न करून या घरात आले, त्या रात्री सात ताटं मांडली. सासू, सासरे, दीर, सगळे बसले. ताट एकही उरलं नाही. मी तिथेच उभी राहून रडायला लागले. सासूला वाटलं मला माहेर आठवतंय. अगं, मला आठवत होतं ते एवढंच की आमच्याकडे रोज एक ताट परत उचलून ठेवावं लागायचं, आणि आई त्यावर कधी काही बोलायची नाही."

"कोण आहे ते, आत्या?"

"कुणी नाही. कुणी असतं तर त्याला नाव असतं. आजवर त्याला कुणी नावाने हाक मारली नाही, म्हणून ते नुसतं मोजण्यात येतं. तेवढंच आहे, आणि तेवढंच असू दे." तिने माझं मनगट धरलं. पीठ लागलेला हात गार होता. "डेव्हीकडे लक्ष ठेव. तो दुःखात आहे, आणि त्याच्या तोंडात एक नाव सतत आहे. त्या दगडावर पोराचं नाव कोरून टाका एकदाचं. दगडावर गेलं की ते नाव कुणाला घेता येत नाही."

निघताना तिने मला दारात थांबवलं. "आणि मी गेले ना, तर रीतबीत गेली खड्ड्यात. माझ्या दगडावर फ्लेट घालायचं. माहेरचं नाव घालाल तर वर येऊन कान पिळीन."

मी हसले. ती हसली नाही.

६

घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. बाबा सूप वाढत होते. टेबलावर तीन वाडगे.

"बाबा, तीन कशाला?"

"मग किती?" ते सहज म्हणाले. "तिघंच आहोत ना."

"आपण दोघं आहोत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मोतीबिंदू झालाय, ऑपरेशन पुढे ढकलत ढकलत आता ते माणसाकडे आवाजाच्या दिशेने बघतात. "मोज बरं," ते म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता. लहानपणी अंक शिकवताना बोलायचे तसे बोलले.

मी मोजलं. बाबा एक. मी दोन.

तीन.

पुन्हा मोजलं, बोटं दुमडून. अंगठा बाबांचा, पहिलं बोट माझं. दुमडलेली बोटं दोन होती, हे मला दिसत होतं. आणि तरी तोंडात तीन आला, अगदी खात्रीने, पाढ्यात पुढचा आकडा येतो तसा. त्या क्षणी मला भीतीही वाटली नाही. बरोबर वाटलं. भीती नंतर आली, वाडग्यातली वाफ बघताना, कारण तिसऱ्या वाडग्याची वाफ सरळ वर जात नव्हती. खिडकी उघडी असेल. मी उठून पाहिलं नाही.

"रोज याच वेळेला येतो," बाबा हळूच म्हणाले. "मागच्या खोलीत बूट काढतो. तुला ऐकू येत नाही?"

"वारा आहे, बाबा."

"वारा बूट एकेक करून काढतो का गं?"

मागच्या खोलीतून, मी लावलेल्या दारापलीकडून, काहीतरी जड फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला. मग दुसरा. छपराचे दगड उन्हाने तापून असे वाजतात. मी अख्खं लहानपण हा आवाज ऐकलाय. मी हे बाबांना सांगितलं. एरलंड नाहीसा होण्याआधीही तो यायचा, हेही सांगितलं.

"तेव्हा मी लक्ष देत नसेन," ते म्हणाले, आणि सूप प्यायला लागले. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच ते पोटभर जेवत होते.

"बाबा, त्याला हाक मारलीत का तुम्ही?"

"अजून नाही."

"का?"

चमचा थांबला. "तो नसला तर?"

७

गुरुवारी मी शाळेतून रजा घेतली होती; दुपारी दोनच्या बोटीने दगडवाला आला. रॉबर्टसन नावाचा, थोराड, लाजाळू माणूस. टोपी मांडीवर ठेवून तो टेबलाशी बसला आणि कोरायचा मजकूर त्याने वाचून दाखवला. 'आणि त्यांचा मुलगा एरलंड, वय २६, समुद्रात'. नावापाशी तो हळू झाला. एरलंड त्याच्या धाकट्या भावाबरोबर शाळेत होता.

"मिस्टर हार्बिस्टर," तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तेव्हा. नाही म्हणालात तरी चालेल. मी चहा पिऊन जाईन."

बाबांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता म्हणतील. ते दोन्ही हात टेबलावर टेकून उठले.

"मी त्याला विचारून येतो."

रॉबर्टसन माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हाताने बसायची खूण केली आणि बाबांच्या मागे गेले.

मागच्या खोलीचं दार त्यांनी उघडलं. ती खोली अरुंद आहे. दगडी फरशी, भिंतीशी बाक, खुंट्यांवर तेलकापडी कोट, आणि समुद्राकडे एक खिडकी. तिच्यातून इतकं ऊन येत होतं की फरशीवरची वाळू चमकत होती. त्या उजेडात लपण्यासारखं काही नव्हतं.

बाकावर कुणीतरी आमच्याकडे पाठ करून बसलं होतं. खाली वाकून बुटाशी काहीतरी करत होतं.

एरलंडचे खांदे रुंद होते. त्याचे केस लाल होते, आईसारखे. हे खांदे लहान होते, पोराचे किंवा फार म्हाताऱ्या माणसाचे. केसांना रंग असा नव्हताच. हात बुटाच्या नाड्या सोडवत होते, पण पायात बूट नव्हते. नुसतं सोडवणं चाललं होतं. हे काम पुष्कळ वर्षं, पुष्कळ जणांना करताना दुरून पाहिलेलं असावं, तसं.

मग ते हात थांबले. ते ऐकत होतं.

बाबांनी माझा हात धरला. "थोरा," ते कुजबुजले, "मला नुसता आकार दिसतो गं. कुणीतरी बसलंय एवढं कळतं. तू सांग. तुझी नजर चांगली आहे. तो आहे ना?"

मी तोंड उघडलं. नाही, एवढंच म्हणायचं होतं. नाही बाबा, चला, रॉबर्टसन थांबलाय. मला आत्याचा पिठाचा हात आठवत होता. मला सगळं कळत होतं. कुणी नंतर म्हणेल की भ्याली, बुद्धी गेली, तर तसं नव्हतं.

पण मी बाबांकडे पाहिलं. अकरा महिने मी त्यांच्या तोंडावर जे पाहत होते ते तिथे नव्हतं. एवढा म्हातारा, थकलेला माणूस आणि चेहरा असा, जहाजाच्या धक्क्यावर कुणाला घ्यायला आलेल्या मुलासारखा. ते माझ्या एका शब्दाची वाट बघत होते. आणि बाकावरचंही.

"हो बाबा," मी म्हणाले. "एरलंडच आहे."

बाबांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो रडण्याचा होता, पण तसं रडणं मी आईच्या वेळीही ऐकलं नव्हतं. माझा हात सोडून ते पुढे गेले. "एरलंड," ते म्हणाले. "एरलंड. माझ्या राजा." बाकावरची पाठ हळूहळू सरळ होत गेली. खांदे रुंदावत गेले. खिडकीतल्या उन्हाने असेल, केसांवर लाल झाक आली. चेहरा वळायच्या आत मी दार ओढून घेतलं.

रॉबर्टसन टोपी हातात घेऊन उभाच होता. त्याने बाबांचं रडणं ऐकलं होतं आणि त्याचे स्वतःचे डोळे भरले होते.

"झालं एकदाचं," तो म्हणाला. "मोकळे झाले. बरं झालं. मग कोरू ना?"

"नको," मी म्हणाले. "नाव नका कोरू."

हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो उतरणीने धक्क्याकडे चालायला लागला. त्याच बोटीने मला ॲबर्डीनकडे जाता येईल, असं एकदा मनात आलं. मी दारात उभी राहिले. बोट सुटेपर्यंत, वळेपर्यंत, नुसता पांढरा ठिपका होईपर्यंत उभी राहिले.

पाठीमागे बाबा कुणाशी तरी बोलत होते, हसत होते. मग ते थांबले. दुसरा आवाज आला. एरलंडचाच होता, थोडा घोगरा, पण त्याचाच. त्याने माझं नाव घेतलं. अडखळत, एकेक अक्षर चाचपत. माझा भाऊ चोवीस वर्षं ते नाव ओरडत घरभर फिरला होता, त्याला कधी असं चाचपावं लागलं नव्हतं.

पुन्हा घेतलं. या वेळी बरंच नीट.

बाबा म्हणाले, "अगं थोरा, हाक मारतोय तो तुला."

आणि मी ओ दिली.